पॉइंटांची बॅग

माझ्या सासूबाईंच्या पिशवीवर म्हैस होती. काळीभोर, गुबगुबीत, गळ्यात घंटा घातलेली म्हैस आणि तिच्या पोटाखाली लाल अक्षरांत ‘शुद्ध सरकी पेंड’. आमचं घर सिरसाळ्याचं. तिथल्या बाजारात माझ्या सासऱ्यांचं, रुद्रप्पांचं, पेंड, दोरखंड आणि घमेल्यांचं दुकान. पेंडेची पोती रिकामी झाली की शिंप्याकडून त्यांच्या पिशव्या शिवून घ्यायच्या, हा घरचा रिवाज. दळणाला म्हैस, बाजाराला म्हैस, आणि सासूबाई थोरल्या बहिणीला, रुक्मिणीबाईंना, भेटायला युसूफ वडगावला निघाल्या तरी काखेत म्हैसच.

सासूबाईंचं नाव जगदेवी. त्यांना मी आई म्हणते, सासऱ्यांना आप्पा. आप्पांना सगळा बाजारच आप्पा म्हणतो, त्यात माझं विशेष काही नाही.

युसूफ वडगाव काही दूर नाही. आई सकाळच्या गाडीने जायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत यायच्या. मुक्काम नाही. कारण आप्पा दुकान बंद ठेवायचे नाहीत. दुकान बंद दिसलं की लोक समजतात, घरात कुणीतरी गेलं, असं त्यांचं म्हणणं. आणि आप्पा दुकानात म्हटल्यावर त्यांच्या भाकरीसाठी आई घरात. एका वेळेला शेजारीण करून द्यायची, पण दुसऱ्या वेळेला तीच भाकरी पुढे आली की आप्पांचा चेहरा उतरायचा. बोलायचे काही नाहीत, नुसते चेहरा उतरवून बसायचे. न बोलता माणसाला घरी बोलावून घेण्याची ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर लातूरहून चाकांची बॅग आली होती. पाहुण्यांची गडबड ओसरल्यावर मी अंगणात आले तर आई तीच बॅग ओढत तुळशीपासून नहाणीपर्यंत फिरत होत्या. मला बघून लाजल्या. म्हणाल्या, “लई गुनी हाय गं ही. माणसाच्या मागं मागं येती.”

खरी गोष्ट त्यांनी मला पुढे स्वयंपाकघरात सांगितली. “प्रणिता, पिशवी घेऊन गेलं की माणूस संध्याकाळी परत येतं, हे सगळ्यांना ठाव हाय. मी दारात दिसले की रुक्मिणीअक्काची सून म्हनती, मावशी आल्या, चहा टाका लवकर, त्यांची गाडी जाईल. वीस-पंचवीस वर्सं मी बहिणीकडं नुस्ता चहा पिते. बॅग घेऊन गेलं ना, तर कोनी इचारत न्हाई कवा जानार म्हनून. मला तिथं चार रात्री काढायच्यात. अक्कासंगं कुरडया करायच्यात, गच्चीवर झोपायचंय. आन ह्यांनाबी न्यायचंय.” शेवटचं वाक्य त्या तव्याकडे बघून बोलल्या.

मी म्हटलं, मी माझी बॅग देते. त्या म्हणाल्या, “मागून नेली तर ती पिशवीच.”

विकत आणावी, तर आप्पा आडवे. चांगली पिशवी असताना बॅग कशाला, हा त्यांचा प्रश्न. आप्पा कंजूष नव्हते. माणसाला जेवू घालायचे, देवळाला द्यायचे, पोरांच्या शिक्षणाला कधी नाही म्हणाले नाहीत. पण घरात एक वस्तू काम करत असताना तेच काम करणारी दुसरी वस्तू आणणं त्यांच्या डोक्यातच बसत नसे. आणि म्हैस बिचारी काम करत होती.

त्या दिवाळीला माझा नवरा, रुद्रेश, कार्ड घेऊन घरी आला. आम्ही औरंगाबादला राहायचो. तो एका कंपनीत हिशेबाचं काम बघायचा आणि मी शाळेत शिकवायचे. तेव्हा बँकांची पोरं टाय लावून ऑफिसा-ऑफिसात फिरायची आणि हातात फॉर्म कोंबायची. अशाच एका पोराने रुद्रेशला क्रेडिट कार्ड दिलं होतं. खर्च करा, पॉइंट मिळवा, पॉइंटांवर वस्तू घ्या. वस्तूंचं रंगीत पुस्तक त्याने ओसरीवर सगळ्यांना दाखवलं. इस्त्री, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ. आप्पांनी ते औषधाच्या जाहिरातीसारखं लांबूनच बघितलं. आईंनी मात्र एका पानावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. लाल बॅग होती. चाकांची.

“ही कितीला?”

“आई, ही पैशाला नाही, पॉइंटला.”

“मग आपल्याकडं किती पाइंट हायेत?”

फार थोडे होते. सिनेमाची तिकिटं आणि एक पंखा, यांचे पॉइंट ते केवढे. पण रुद्रेशच्या डोक्यात तेव्हाच कल्पना आली. येत्या गुढीपाडव्याला घरी मोटार घ्यायचं ठरलं होतं. आप्पांच्या एम-ऐंशी या दुचाकीच्या मागच्या सीटवर इतकी वर्षं पोती बसत आली होती की तिथे माणसाला बसता येईल अशी जागाच उरली नव्हती, आणि आईंनी तर त्या गाडीला हात जोडले होते. व्यापार बरा चालला होता, पैसे बँकेत पडून होते. रुद्रेश म्हणाला, “आप्पा, गाडी माझ्या कार्डावर घेऊ. बिल आलं की तुम्ही पैसे द्या. तुमचा एक रुपया जास्त जाणार नाही आणि आईची बॅग फुकट येईल.”

“फुकट?” आप्पा म्हणाले.

“फुकट.”

“आन बिल कवा येतंय?”

“महिना-दीड महिन्याने.”

“म्हंजे उधारी.”

झालं. आप्पांच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती: ‘आधी जमा, मग माल.’ ही पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे असं लोकांना वाटायचं. ती आप्पांनी स्वतःसाठीच लावली होती. परळीचा ठोक व्यापारी म्हणायचा, आप्पा, माल न्या, पैसे पुढल्या खेपेला द्या. आप्पा आधी पैसे मोजायचे, मग पोत्याला हात लावायचे. सगळ्या बाजारात कुणाच्याही वहीत ज्याचं नाव नाही असा एकच माणूस होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मी उधारीवर गाडी आनली तर लोक मला काय म्हन्तील बे?” ते रुद्रेशला म्हणाले. “म्हन्तील रुद्रप्पाचा धंदा बसला.”

“आप्पा, ही उधारी नाही, सोय आहे.”

“उधारीला सगळेच सोय म्हन्तात.”

आईंनी पुस्तकाचं ते पान दुमडलं आणि पुस्तक मिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. लक्ष्मीपूजनाला मात्र त्यांनी रुद्रेशकडून कार्ड मागून घेतलं आणि तराजूच्या शेजारी, नव्या वहीपुढे मांडलं. हळदकुंकू वाहिलं. आप्पांनी तराजूला भस्म लावलं, वहीला लावलं आणि कार्डाशी येऊन त्यांचा हात थांबला. मग चष्मा लावून ते त्या कार्डाकडे बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, उधारीच्या वस्तूला भस्म लावावं की नाही, याचा विचार चाललाय. बाहेर फटाके वाजायला लागले आणि मी अंगणात गेले.

फाल्गुनात एक दिवस आप्पांनी फोन करून रुद्रेशला सांगितलं, “घे तुझ्या त्या कार्डावर.” एवढंच. कारण सांगितलं नाही आणि रुद्रेशने भीतीने विचारलं नाही. मला वाटलं, आईंनी काही केलं असेल. आईंना वाटलं, मी काही केलं असेल. आम्ही दोघी एकमेकींवर मनातून फार खूश होतो.

आता रुद्रेशचं सांगते. माझा नवरा स्वभावाने चांगला आहे, पण आधी हो म्हणायचं आणि मग चौकशी करायची, ही त्याची रीत. कार्डाला मर्यादा असते हे त्याला माहीत होतं. त्याची मर्यादा मोटारीच्या निम्म्याहून कमी होती, हेही माहीत होतं. पण बँकेत एक फोन केला की वाढवून देतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो फोन त्याने पाडव्याच्या आदल्या आठवड्यात केला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात नाही म्हणाली.

हे त्याने मला सांगितलं कधी, तर पाडव्याच्या सकाळी, बीडला जाणाऱ्या जीपमध्ये, कानात.

“काही होत नाही,” तो कुजबुजला. “अर्धे कार्डावर, अर्धे आप्पा रोख देतील. आणलेत त्यांनी. ती बघ पिशवी.”

“आणि बॅग? अर्ध्या गाडीच्या पॉइंटात येते?”

“पुढच्या वर्षी घेऊ.”

“पुढच्या वर्षी दुसरी मोटार घेणार आहात का?” मला इतका राग आला होता की मी खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या सीटवर आई होत्या. ठेवणीतली जांभळी इरकल नेसल्या होत्या आणि पुस्तकाचं ते दुमडलेलं पान फाडून, घडी करून, कमरेच्या चंचीत घेऊन आल्या होत्या. दुकानदाराला नमुना दाखवायला. बॅग मोटारीच्या दुकानात मिळत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, असू दे जवळ.

पिशवी होती सलीमचाचांच्या मांडीवर. सलीमचाचा म्हणजे आप्पांच्या दुकानाशेजारचे मेकॅनिक. आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि इंजिन ऐकून गाडीची तब्येत सांगणारे. त्यांना बरोबर नेल्याशिवाय आप्पा सायकलची घंटासुद्धा विकत घेत नसत. म्हशीची ती पिशवी चाचांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. वडवणीला चहाला उतरलो तरी ती त्यांनी खाली ठेवली नाही, बशी दुसऱ्या हाताने तोंडाला लावली. जीपमधला प्रत्येक माणूस त्या पिशवीकडे बघून नजर फिरवत होता. इतके पैसे असे उघड्यावर न्यायचे म्हणजे आप्पांची कमाल होती.

शोरूममध्ये पाडव्याची गर्दी होती. दारात गुढी, गाड्यांना झेंडूच्या माळा, प्रत्येक गाडीपुढे एक कुटुंब फोटो काढून घेत उभं. आमची गाडी पांढरी होती. चाचांनी बॉनेट उघडून कान लावला, टायरांना लाथा मारल्या, खाली वाकून बघितलं आणि आप्पांना म्हणाले, “ले लो आप्पा. दिल साफ हाय तिचं.”

मग आम्ही टेबलापाशी बसलो. मॅनेजर तरुण होता, गोड बोलायचा. रुद्रेशने कार्ड काढल्यावर मात्र त्याचं बोलणं जरा कोरडं झालं.

“सर, कार्डावर दोन टक्के वर पडतील.”

“कावून?” आप्पा म्हणाले.

“बँक आमच्याकडून कापून घेते, काका.”

“तुमची बँक, तुमचं कापनं. त्यात आमी कुटं आलो?”

मॅनेजर हसला. त्याला वाटलं असेल, खेड्यातलं गिऱ्हाईक आहे, पाच मिनिटांत गुंडाळू. आप्पांना घासाघीस करताना त्याने पाहिलं नव्हतं. आप्पा कोथिंबिरीच्या जुडीवर मिरच्या मागून घेतात, मिरच्यांवर आल्याचा तुकडा, आणि निघताना बाईच्या टोपलीतलं लिंबू हातात घेऊन असं बघत राहतात की ती म्हणते, घ्या आप्पा. त्यांना काही वर मिळाल्याशिवाय खरेदी पुरी झाल्यासारखं वाटत नाही. दुकानात त्यांचा आवाज चढत नाही, ते नुसते बसून राहतात. तसे ते बसून राहिले. एक चहा आला, दुसरा आला.

शेवटी मॅनेजरनेच तोडगा काढला. “काका, तुम्ही रोख द्या. दोन टक्के नाहीत. वर मी तुम्हाला सीटची कव्हरं देतो, पायाखालची मॅट देतो, आणि पाडवा आहे म्हणून टेपसुद्धा बसवून देतो. सगळं फुकट.”

फुकट हा शब्द आणि आप्पा, यांच्यामध्ये आजवर कुणी उभं राहू शकलं नव्हतं. रुद्रेशने सुटकेचा श्वास टाकला, कारण त्याची लाज झाकली जाणार होती. मी आईंकडे बघितलं. त्या कमरेच्या चंचीवर हात ठेवून समोरच्या गाडीकडे बघत होत्या. तीस वर्षं दुकानदाराच्या घरात काढल्यावर माणसाला सौदा कुठल्या बाजूला झुकतोय ते न बघता कळतं.

आप्पांनी बशीतला चहा संपवला. बशी कपाखाली ठेवली.

“कव्हर नको,” ते म्हणाले. “मॅट नको. गाणंबी नको. ते सगळं तुमच्यापाशीच ठिवा, त्यात तुमचे दोन टक्के निघत्यात. कार्ड घ्या.”

मॅनेजर गणकयंत्र पुढे ओढून बघायला लागला. निघत असावेत, कारण त्याने मान डोलावली.

मी आप्पांकडे बघतच राहिले. आता या माणसाला खरं सांगायची वेळ होती आणि माझा नवरा घामाने भिजला होता. “आप्पा,” तो म्हणाला, “मी काय म्हणतो, अर्धे कार्डावर करू आणि अर्धे आपण रोख...”

“रोख न्हाई माझ्यापाशी.”

“म्हणजे? पिशवीत आहेत ना?”

आप्पांनी सलीमचाचांकडे बघितलं. चाचांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यातून एकेक वस्तू बाहेर काढली. नारळ. चार लिंबं. फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. नटबोल्ट आवळायचे दोन पाने. एक बॅटरी. “दशम्या मोडू नयेत म्हनून संभाळत होतो,” ते म्हणाले. “भाबीनं बजावून सांगितलतं.”

रुद्रेशला आता सगळं सांगणं भाग होतं. आई, मॅनेजर, शेजारच्या टेबलावरचं अख्खं कुटुंब, सगळ्यांसमोर. तो सांगायला तोंड उघडणार तोच आप्पा मॅनेजरला म्हणाले, “घासा की. पाडव्याचा मुहूर्त जातोय.”

मॅनेजरने कार्ड यंत्रातून ओढलं. यंत्र विचार करत बसलं. मग टूं टूं करून थांबलं. रुद्रेशने डोळे मिटले. मॅनेजर म्हणाला, “लाईन बिझी आहे, आज सगळीकडे गर्दी,” आणि त्याने पुन्हा ओढलं. मी त्या वेळात परळीच्या वैजनाथाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

यंत्र कर्र कर्र करायला लागलं आणि त्यातून कागदाची पट्टी बाहेर आली. पूर्ण रकमेची.

“साइन करा सर,” मॅनेजर म्हणाला. रुद्रेश त्या पट्टीकडे बघत होता, मग आप्पांकडे, मग पुन्हा पट्टीकडे. “हे कसं झालं?” तो म्हणाला. “लिमिट तर...”

“लिमिट म्हंजे काय बे?” आप्पांनी विचारलं.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. झालं होतं ते असं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी कार्डावरचा नंबर तांबड्या पेन्सिलीने कॅलेंडरच्या मागे उतरून ठेवला होता. पुढे तीन-चार महिने विचार केला. मग परळीला जाऊन गाडीच्या पूर्ण रकमेचा ड्राफ्ट काढला आणि सुटे भाग आणायला औरंगाबादला जाणाऱ्या सलीमचाचांच्या हाती दिला. चाचांनी तो त्या बँकेत नेऊन त्या नंबरावर भरला.

“तिथला पोरगा म्हन्ला,” चाचा आता रंगात आले होते, “चाचा, ह्याचं बिल तर अजून आलंच न्हाई, तुमी काय भरताय? मी म्हन्लं, भर तू. आमचा आप्पा बिल यायची वाट बगत न्हाई. त्यानं त्याच्या साह्यबाला बोलावलं, साह्यबानं त्याच्या साह्यबाला. तिघांनी मला चहा पाजला. म्हन्ले असं गिऱ्हाईक बगितलं न्हाई.”

“आधी जमा, मग माल,” आप्पा म्हणाले. “हिला बॅग पायजे होती आन मला उधारी नको होती. दुसरं काय करनार?”

बँकेला वाटलं असेल, चूक झाली. पण पैसे जमा होते म्हणून कार्डात तेवढी जागा झाली, आणि माझ्या नवऱ्याच्या गोड बोलण्याने जी मर्यादा वाढली नव्हती ती आप्पांच्या हट्टाने कुणाला न विचारता वाढली होती. रुद्रेशने सही केली. मग तो खुर्चीत मागे टेकून इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मी हसले नाही. मला त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलेसुद्धा, पाडवा होताच. कव्हरं, मॅट आणि गाणं, तीन फुकटच्या वस्तू त्यांनी एका बशीभर चहात सोडल्या होत्या. मला विचाराल तर मोटारीपेक्षा ती किंमत मोठी होती.

आईंनी एवढंच विचारलं, “पाइंट भेटले का?”

“मिळाले, आई. सगळेच्या सगळे.”

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि चाचांनी गाडी सिरसाळ्याला आणली. कव्हरं नव्हती म्हणून आप्पांनी सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. चैत्राच्या उन्हात त्या प्लास्टिकला आम्ही सगळे चिकटलो होतो आणि उतरताना एकेकाला सोलून काढावं लागलं. दशमी मात्र एकही मोडली नव्हती.

मे महिन्यात मी सुट्टीला आले तेव्हा बॅग आली. कुरिअरवाला परळीपर्यंतच यायचा, म्हणून नवी मोटार काढून आम्ही बॅग आणायला परळीला गेलो. खोकं उघडलं तर बॅग निळी होती. लाल संपल्या होत्या म्हणे. माझा चेहरा पडला. आईंनी बॅगेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “निळीच बरी. मळ दिसत न्हाई.”

घरी आल्यावर आप्पांनी ती उचलून बघितली, चाकं फिरवून बघितली, चेन दोनदा उघडली आणि लावली. “दारात गाडी हाय,” ते म्हणाले, “मग बॅगेला चाकं कावून?”

“गाडी तुमची,” आई म्हणाल्या. “ही माझी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओसरीवर बॅग उघडी ठेवली. पुस्तकासारखी दोन बाजूंना उघडणारी. एका बाजूला त्यांनी चार लुगडी घडी घालून ठेवली, रुक्मिणीबाईंसाठी खण, कुरडयांसाठी गव्हाचा चीक गाळायचं पातळ फडकं, तेलाची बाटली. ती बाजू भरली. दुसऱ्या बाजूला काहीच ठेवलं नाही. मग त्या चुलीपाशी गेल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

मी लसूण सोलत बसले होते. आप्पा दुकानाच्या किल्ल्या घेऊन ओसरीवर आले आणि बॅगेपाशी थांबले.

“ही बाजू रिकामी कावून?” त्यांनी मला विचारलं.

मी काय सांगणार? म्हटलं, “आईंना माहीत.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही. आप्पा उभे राहिले. किल्ल्या या हातातून त्या हातात गेल्या. दारात मोटार उभी होती, तिच्या सीटवर अजून प्लास्टिक होतं. मला मनापासून वाटत होतं की या माणसाने एकदा तरी जावं, आणि एवढ्या वर्षांत तो गेला नाही हेही मला माहीत होतं. ते किल्ल्या घेऊन बाहेर पडले. माझ्या हातातला लसूण तसाच राहिला.

थोड्या वेळाने ते परत आले. बोटांना खडू लागला होता. ते सरळ खुंटीपाशी गेले, दोन धोतरं काढली, एक सदरा काढला आणि जमिनीवर बसून, पोत्यात माल भरावा तसे, कोपरे दाबून दाबून त्या रिकाम्या बाजूत भरले. मग चुलीकडे तोंड करून म्हणाले, “अगं ए, माझा पंचा कुटं हाय?”

भाकरीचा आवाज थांबला. मी आत बघितलं तर आई पिठाच्या हाताने पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मग मीच उठले आणि दोरीवरचा पंचा काढून दिला.

दुकानाच्या दारावर खडूने लिहिलं होतं, ‘चार दिवस बंद. घरी सर्व खुशाल.’ तरी गाडी निघेपर्यंत तिघे जण विचारून गेले, आप्पा, कोण गेलं? आप्पा प्रत्येकाला म्हणाले, “आमीच चाललो.”

युसूफ वडगावला रुक्मिणीबाईंच्या बोळात मोटार शिरेना. गाडी चालवायला आलेल्या चाचांनी ती तोंडाशीच उभी केली. आईंनी बॅग खाली घेतली, दांडा वर ओढला आणि चालायला लागल्या. पण बोळात दगड आणि फुफाटा, चाकं चार पावलांत रुतली. तेव्हा आप्पांनी पुढे होऊन बॅग उचलली आणि पेंडेचं पोतं उचलावं तशी खांद्यावर टाकली. आई पुढे, मागे खांद्यावर निळी बॅग घेतलेले आप्पा, आणि त्यांच्या मागे मी.

रुक्मिणीबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी बहिणीकडे बघितलं, मेहुण्याच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघितलं. आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला, “कोन आलंय? मावशी का? चहा टाकू का लवकर?”

“चहा राहू दे,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “पुरनाची डाळ शिजाया ठिव.”